मोडीत न निघणारा चतुर



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गृहस्थ सराफी पेढीवर बसणारे होते. त्यामुळे विषय ठरवताना मी थोडं धाडसच केलं. सराफाच्या स्मृतीत दागिन्यांवर बोलायचं, आणि तेही अशा दागिन्यांवर, की जे काट्यावर ठेवले तर कुठल्याही सराफाने नाक मुरडावं. शिंगाचे, काचेचे, हस्तिदंताचे दागिने. त्यांवर गांधिलमाश्या, वटवाघळं, साप, वाळकी बोंडं, पानं झडलेली झाडं. हे सगळं पॅरिसमध्ये घडलं, साधारण १८९० ते १९१२ या काळात, आणि त्यातलं उत्तमातलं उत्तम एकाच माणसाच्या कारखान्यातून बाहेर पडलं. त्याचं नाव रने लालिक. आज हे नाव अत्तराच्या बाटल्यांमुळे आणि काचेच्या फुलदाण्यांमुळे लोकांना ठाऊक असतं. मला मात्र बोलायचंय ते काचेकडे वळण्याआधीच्या लालिकबद्दल.

जन्म १८६० चा, फ्रान्सच्या शाम्पेन प्रांतातला. १८७६ साली वडील वारले आणि सोळाव्या वर्षी पोरगा पॅरिसच्या लुई ओकॉक या नामांकित जवाहिऱ्याकडे उमेदवारीला लागला. पुढे दोनेक वर्षं लंडनजवळच्या सिडनहॅमला कलाशिक्षण. परत आल्यावर कार्तिए, बुशराँ अशा बड्या पेढ्यांना नक्षीची रेखाटनं विकायची, असं काही वर्षं चाललं, आणि पंचविशीत त्याने एक चालता कारखाना हाती घेतला.

तेव्हाचा बाजार कसा होता? १८६७ नंतर दक्षिण आफ्रिकेत हिरे सापडले, किंबर्लीच्या खाणी सुरू झाल्या आणि युरोपात हिऱ्यांचा नुसता पूर आला. दागिना म्हणजे हिऱ्यांची रास, असं समीकरण झालं. सोनं-चांदी फक्त खडे धरून ठेवण्यापुरती, तीही जितकी दिसणार नाही तितकी बरी. लालिकच्या हातून सुरुवातीला असेच दागिने झाले. पण लहानपणापासून त्याला रानात बसून झाडापानांची चित्रं काढायची खोड होती. हळूहळू त्या चित्रांनी कारखान्याचा ताबा घेतला.

आता एकच वस्तू जवळून पाहू. लिस्बनच्या गुलबेंकियन संग्रहालयात ती आहे. चतुर आपल्याला ठाऊक आहे, पावसाळ्याच्या शेवटी अंगणात घिरट्या घालतो तो. लालिकने १८९७-९८ च्या सुमारास असा एक चतुर केला, स्त्रीने छातीवर लावायचा. पंख पसरले की रुंदी साडेसव्वीस सेंटिमीटर, म्हणजे आपल्या वितीपेक्षा जास्त. लांबी तेवीस. या किड्याच्या जबड्यातून एक बाई वर आली आहे. चतुर तिला गिळतोय की तिला जन्म देतोय, हे शेवटपर्यंत कळत नाही, आणि कळू नये अशीच ती रचना आहे. तिचं धड क्रायसोप्रेझ नावाच्या फिकट हिरव्या दगडातून कोरलेलं. खांद्यांना हात नाहीत. तिथून थेट पंख सुटतात. डोक्यावर शिरस्त्राणासारखं काही, त्यावर दोन भुंगे. खाली दोन बाजूंना सोन्याच्या नख्या, एखाद्या शिकारी प्राण्याच्या असाव्यात तशा. मधून निमुळती होत गेलेली शेपटी. पंखांना बिजागऱ्या आहेत. अंगावर लावल्यावर ते हलावेत, ही सोय.

पंख कसे झाले ते ऐकण्यासारखं आहे. मीनाकारी म्हटली की आपल्याला जयपूर आठवतं. सोन्यावर खोदकाम करायचं, खळग्यांत काचेची रंगीत पूड भरायची आणि भट्टीत घालायची. पूड वितळते, सोन्याला धरते. त्या रंगाला मागून सोन्याची पाठ असते. उजेड समोरून येतो, सोन्यावर आपटतो आणि परत फिरतो. चतुराच्या पंखांना ही पाठच नाही. सोन्याच्या बारीक पट्ट्यांची जाळी करायची, खऱ्या पंखाच्या शिरा असतात तशी. जाळीखाली तात्पुरता आधार द्यायचा, अभ्रकाचा किंवा तांब्याच्या पातळ पत्र्याचा. घरांत पूड भरून भाजायचं. पूड वितळली की आकसून खाली बसते, म्हणून पुन्हा भरायचं, पुन्हा भाजायचं. शेवटी आधार काढून टाकायचा. तांबं असेल तर तेजाबात विरघळवायचं. सोन्याला आणि काचेला तेजाब काही करत नाही. उरते ती नुसती शिरांच्या आधाराने तोललेली काच, आणि तिच्यातून उजेड आरपार जातो. फ्रेंच कारागीर याला प्लीक-आ-जूर म्हणतात. तंत्र जुनं आहे, लालिकने ते शोधलेलं नाही. पण धातू आणि काच निवताना एकसारखे आकसत नाहीत, एका घराला तडा गेला की सगळी मेहनत पाण्यात. एवढ्या मोठ्या पंखांवर ते पेलायला छाती लागते, आणि हाताखाली तशी माणसंही लागतात.

दुसरी गोष्ट शिंगाची. १८९६ च्या सुमारास त्याने प्रदर्शनात शिंगाचा दागिना मांडला. तोवर शिंग म्हणजे फण्या, सुऱ्यांच्या मुठी, बटणं. लालिकला त्यात काय दिसलं? शिंग गरम केलं की मऊ पडतं, वळतं, दाबलं की साच्याचा आकार घेतं. घासून पातळ केलं की त्यातून मधाच्या रंगाचा उजेड झिरपतो, अगदी वाळक्या पानातून झिरपतो तसा. वाळलेलं पान सोन्यात होत नाही. सोनं कधी म्हातारं दिसत नाही, हीच त्याची अडचण. शिंग दिसतं. म्हणून त्याच्या अंबाड्यात खोवायच्या फण्यांवर हेझलनटच्या फांद्या येतात, सायकॅमोरच्या पंखवाल्या बिया येतात, काटेरी झुडपं येतात, आणि पानांच्या कडा जराशा करपलेल्या असतात. मोती घेतले तर वेडेवाकडे, कारण गोल मोती झाडाला लागल्यासारखा दिसत नाही. खडे घेतले तर ओपल आणि चंद्रकांत, ज्यांत रंग स्थिर नसतो. ओपल अपशकुनी, अशी समजूत त्या काळच्या युरोपात होती. लालिकने तिला भीक घातली नाही.

त्याने भूदृश्यंही केली. गळ्याजवळ बसणाऱ्या चारदोन बोटांच्या पट्टीवर पुढे झाडांचे काळे बुंधे, मागे ओपलचं किंवा काचेचं तळं. कुठे बर्फ पडलेलं हिवाळी रान. क्षितिज, पाणी, झाडी एवढ्याशा जागेत कशी बसते? त्याचं उत्तर बरंचसं जपानकडे आहे. जपानी लाकडी ठशांची चित्रं तेव्हा पॅरिसमध्ये सहज मिळत होती. एखादी फांदी चौकटीने मधेच कापायची, जवळची वस्तू मोठी आणि दूरची अंधूक ठेवायची, रिकाम्या जागेला भरून काढायची घाई करायची नाही, हे त्या चित्रांनी एका अख्ख्या पिढीला शिकवलं. परमुलखाचं वेड तेव्हा एकूणच जोरात होतं. दक्षिण अमेरिकेतली कॅटलिया ऑर्किडं जहाजांतून येत आणि श्रीमंतांच्या काचघरांत फुलत. १९०३-०४ मध्ये लालिकने डोक्यात घालायचं एक ऑर्किड केलं, हस्तिदंताचं, त्याला शिंगाची जोड, सोनं आणि पुष्कराज अगदी बेताने. पाकळीची मुरड अशी, की खरं फूल शेजारी ठेवलं तर वास घेऊन ओळखावं लागेल. हस्तिदंताच्या मागे एक हत्ती मेलेला असतो, हे आज आपल्याला दिसतं. त्या पॅरिसला दिसत नव्हतं.

१९०० च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात पाच कोटींच्या घरात लोक येऊन गेले, आणि लालिकच्या दालनापुढे हटायला जागा नव्हती. तिथे पंख असलेल्या स्त्रियांची ब्राँझची जाळी उभी केलेली होती. त्याच प्रदर्शनातून कोपनहेगनच्या कलावस्तू-संग्रहालयाने त्याची एक टोपीला लावायची पिन घेतली. ओपलभोवती गांधिलमाश्या जमल्या आहेत, रस चोखायला जमतात तशा. विचार करा, सभ्य घरातली बाई, डोक्यावर टोपी, आणि टोपीत गांधिलमाश्या!

हे सगळं ऐकताना तुमच्या मनात एक प्रश्न आला असेल. निसर्ग आपल्याही दागिन्यांत आहेच की. आहे, आणि भरपूर आहे. किंबहुना आपल्या सोनाराच्या हातात निसर्ग दागिन्याच्या आधी वजन म्हणून येत होता. लाल, काळ्या टोपीची गुंज. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. म्हणजे शहाण्णव बिया एका पारड्यात पडल्या की दुसऱ्या पारड्यात एक तोळा सोनं. दागिन्यांत पाहा: बकुळीहार, चाफेकळी, बोरमाळ, जवमणी, पायातल्या मासोळ्या, वेणीवरचा केवडा आणि नाग. कोल्हापुरी साजात तर मासा, कासव यांच्यापासून सगळा दशावतार पानड्यांवर बसतो असं सांगतात. पण जरा थांबून बघा. यात कळी आहे, उमललेलं फूल आहे, टपोरं बोर आहे, भरलेला दाणा आहे. वाळकं पान आहे का? निष्पर्ण फांदी? नाही. आणि असणारही नाही. वाळक्या पानांचा हार घालून हळदीकुंकवाला जा म्हटलं तर सासू दारातच अडवेल. आपला दागिना आधी सौभाग्याचा असतो आणि मग शोभेचा. त्यात फक्त भरल्या निसर्गाला प्रवेश आहे. सापाचं मात्र उलट. लालिकने नऊ सापांचा एक गुंता करून तो छातीवर लावायला दिला तेव्हा पॅरिसला शहारा आला असेल. आपल्याकडे नाग वेणीवर शतकानुशतकं बसलेला आहे आणि त्याला कुणी घाबरत नाही.

आपल्या दागिन्यांत हुबेहूब, कोमेजणारा निसर्ग न येण्याचं दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. आपल्याकडे खरी फुलं रोज अंगावर होती. मार्चमध्ये सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे सुरंगी फुलते, वळेसर बाजारात येतात. गोव्यात अबोली, घाटावर मोगरा, शेवंती, आणि बकुळ तर सुकल्यावरही कपाटात ठेवायची. ज्या बाईच्या अंबाड्यात सकाळी तोडलेली सुरंगी आहे तिच्यासाठी सोनाराने हुबेहूब सुरंगी करण्यात काय मतलब? म्हणून सोन्याचं फूल आखीव झालं, ठशातून निघालेलं, सारखं, कणखर. कोमेजण्याचं काम खऱ्या फुलाकडे, टिकण्याचं सोन्याकडे. ही वाटणी मला फार शहाणी वाटते. लालिकच्या गिऱ्हाइकांकडे ही सोय तितकीशी नव्हती. पॅरिसच्या हिवाळ्यात अंबाड्यात काय खोवणार?

तिसरं कारण अर्थातच मोडीचं. बोरमाळेचे मणी लाखेवर चढवलेल्या पातळ पत्र्याचे. विकायला नेली की सराफ लाख वजा करतो, कस लावतो, घट धरतो आणि उरलेल्या सोन्याचा भाव देतो. घडणावळ गेली ती गेली. घडणावळ म्हणजे काय? कुणीतरी बोराकडे बघितलं होतं, त्याचा ठसा केला होता, हात बसवला होता, त्याची किंमत. मोडीच्या वेळी ती शून्य.

हे फक्त गरिबाच्या घरी होतं असं समजू नका. राजांच्या जवाहिराचं हेच झालं. १८८७ च्या मे महिन्यात फ्रान्सच्या प्रजासत्ताकाने राजघराण्याचं जवाहीर लिलावात काढलं. राजाच नको, तर मुकुट कशाला, असा हिशेब. देशोदेशीच्या जवाहिऱ्यांनी ते विकत घेतलं, अमेरिकेच्या टिफनीने सर्वांत जास्त, आणि बरंचसं खडे सुटे करून विकलं. लालिक तेव्हा सत्तावीस वर्षांचा, त्याच शहरात, त्याच धंद्यात होता. आपल्याकडचं पाहायचं तर १८५४ साली नागपूरचं भोसल्यांचं राज्य खालसा झालं आणि वाड्यातलं जडजवाहीर कलकत्त्याला नेऊन लिलावात विकलं गेलं. ते दागिने घडवलेले कसे होते, हे आज कोण सांगणार? नाशिकचा हिरा तर ठाऊकच आहे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा तो इंग्रजांच्या हाती लागला, तेव्हा सुमारे नव्वद कॅरटचा होता. लंडनला गेल्यावर त्याला पुन्हा पैलू पाडले. १९४० मध्ये अमेरिकेतल्या हॅरी विन्स्टनने तो घेऊन परत कापला. आता तो ४३.३८ कॅरटचा आहे. अर्ध्याहून जास्त हिरा भुकटी झाला, कारण ज्याच्या हाती तो गेला त्याला जुने पैलू जुने वाटले. पतियाळाच्या महाराजांसाठी कार्तिएने १९२८ मध्ये केलेल्या हारात २,९३० हिरे होते. १९९८ साली लंडनमध्ये त्याचा सांगाडा सापडला, मोठे खडे नसलेला.

लालिकचा चतुर कोण मोडेल? मोडून हाताला काय लागेल? पंखांची काच फुटेल, हिरवा दगड दुसऱ्या कशाला बसणार नाही, हिरे अगदी बारीक, सोनं थोडं. त्या वस्तूची सगळी किंमत घडणावळीत आहे. म्हणूनच तो शाबूत आहे. गांधिलमाश्या शाबूत आहेत, शिंगाच्या फण्या शाबूत आहेत. भुरट्या चोराचाही त्यात फायदा नाही.

पण इथे मला एक गोष्ट स्पष्ट बोलायची आहे, नाहीतर हे व्याख्यान लालिकची आरती होईल. तो चतुर फारसा कुणी घातलाच नाही. वितीपेक्षा मोठा, पंख काचेचे, खाली नख्या. तो लावून बाईने बसायचं कसं, वाकायचं कसं? कालूस्त गुलबेंकियन या आर्मेनियन तेलसम्राटाने लालिककडून दीडशेच्या आसपास वस्तू घेतल्या, आणि त्यातल्या बहुतेक थेट त्याच्या कपाटात गेल्या. गुलबेंकियन म्हणजे इराकच्या तेलात पाच टक्के हिस्सा राखणारा, व्यवहारात भयंकर चोख माणूस. लालिकला मोकळा हात मिळाला तो अशा एका गिऱ्हाइकामुळे, ज्याला मोडीची कधी गरज पडणार नव्हती. उलट आपल्याकडे ज्या बाईने गळ्यातलं मोडून पेरणी केली, पोराची फी भरली, नवऱ्याचं आजारपण निभावलं, तिच्या नावावर जमीन नव्हती, बँकेत खातं नव्हतं. होतं ते अंगावर होतं. तिच्या दागिन्यात घडणावळ कमी आणि सोनं जास्त असणं हाच शहाणपणा होता. त्या बाईला कलेची जाण नव्हती असं कुणी म्हणू नये. मला लालिक हवा आहे, पण तिच्या खर्चाने नको.

लालिकचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. १९०० नंतर त्याची नक्कल करणारे इतके झाले, की चतुर आणि ऑर्किडं पॅरिसच्या दुकानादुकानांत स्वस्तात लटकू लागली. त्याच्या सगळ्या वस्तूंत जे नाजूक होतं ते नकलेत सर्वांत आधी गेलं. उरले नुसते किडे. फॅशन फिरली. शेजारच्या दुकानात अत्तरवाला फ्रान्स्वा कोती होता. त्याने १९०७-०८ च्या सुमारास बाटल्यांचं काम दिलं आणि लालिक काचेकडे वळला. १९१२ मध्ये त्याने प्रदर्शन भरवलं ते सगळं काचेचं. महायुद्धानंतर अल्सेसमध्ये कारखाना काढला, आणि ज्याने एकेका पंखासाठी भट्टी पेटवली होती तो माणूस साच्यातून हजारोंनी वस्तू काढू लागला. काही रसिकांना यात पतन वाटतं. मला तसं वाटत नाही. ज्याला एका श्रीमंताच्या कपाटासाठी काम करण्याचा कंटाळा आला असेल त्याने मध्यमवर्गाच्या टेबलावर फुलदाणी ठेवली, यात वाईट काय आहे? १९४५ मध्ये तो गेला.

एक शेवटचा मुद्दा, आणि तो समोर बसलेल्या सराफ मंडळींसाठी आहे. लालिक आपल्या दागिन्याच्या काठावर नाव कोरायचा. दागिन्याची किंमत बघण्यात आणि घडवण्यात आहे असं एकदा मानलं, की कोण बघत होतं आणि कोण घडवत होतं हे सांगावं लागतं. आपल्या पावतीवर काय असतं? वजन, टंच, भाव, घडणावळ, जीएसटी. २०२१ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एक खूणक्रमांकही असतो. तो मोबाइलवर टाकला की शुद्धता कळते, तपासणी केंद्र कळतं, सराफ कळतो. घडवणारा कळत नाही. आज मुंबई-पुण्याच्या कारखान्यांत मांडी घालून बसलेले कितीतरी कारागीर बंगालमधून आलेले आहेत. तुमची चाफेकळी, तुमचा बकुळीहार त्यांच्या हातून जातो. त्यांच्या गावी बकुळ कशी फुलते हे त्यांना आपण कधी विचारलेलं नाही. घडणावळीच्या आकड्याशेजारी पावतीवर एक रकाना वाढवा, कारागिराचं नाव. त्याला सरकारी परवानगी लागत नाही, कर लागत नाही, घट धरावी लागत नाही. आपल्या गावातल्या एखाद्या पेढीने येत्या गुढीपाडव्याच्या खरेदीला हे सुरू केलं, तर पहिली पावती बघायला मी स्वतः येईन.